कंडक्टरच्या दोन घंट्या

घंटी माझ्याकडं आहे. पितळेची, वीतभर, तिला सुताची दोरी. कंडक्टर भाऊ गेल्यावर त्यांचा पुतण्या पिशवीत घालून घेऊन आला. म्हणला, "आजी, काकांनी चिठ्ठीत लिहून ठेवलं होतं, घंटी हॉलच्या आक्काला द्यायची." मी ती दाराच्या वरच्या खिळ्याला टांगली. वाजवत नाही. धूळ तेवढी पुसते.

मला लिहाय-वाचाय येत नाही, सही येते. हे मी बोलते आन शेजारची कॉलेजातली पोरगी लिहून घेते. ती म्हणते, "आजी, त्यांचा जन्म कुठला, गाव कुठलं, तिथून सांगा ना." मला काय माहीत? मला माणूस हॉलमध्ये भेटला. तिथून पुढचा माहीत आहे.

जोगेश्वरीच्या पूर्वेला, आरेच्या अंगाला जो डोंगर आहे, त्यावर आमची वस्ती. वस्तीचं समाजमंदिर म्हणजे हॉल. झाडायचं, पाणी भरायचं, खुर्च्या मांडायच्या, ते काम माझं. आधी आरेत तबेल्यावर शेण काढायची. कमरेनं जबाब दिला तेव्हा हॉलचं काम धरलं. भाऊ कार्यक्रमाच्या तासभर आधी यायचे. मी खुर्च्या मांडायची, ते मोजायचे.

सगळे त्यांना कंडक्टर म्हणायचे. मी भाऊ म्हणायची. सगळी नोकरी बसवर काढली होती. रिटायर झाले तरी गळ्यातली चामड्याची पिशवी काही उतरली नाही. तिकिटं गेली आन पिशवीत मोबाईल आले, दोन. तिकिटाला भोक पाडायचा पंच असतो ना, तो बी हातात. बसायचे कधीच नाहीत. चहा उभ्यानं, जेवण उभ्यानं. स्टेजवर पाय फाकवून असे उभे राहायचे की जसा काय हॉलच चालला आहे आन आता वळण येणार आहे.

सभा असो, गाण्याची पार्टी असो, निवेदन त्यांचं. दुसरे माईकवाले बघा, "टाळ्या! आवाज येत नाही! अजून जोरात!" ह्यांनी जन्मात टाळी मागितली नाही. म्हणायचे, "टाळी मागून घ्यायची नसते. माणसाला बोलू द्या. बोलायला मिळालं की तो झोपत नाही." त्यासाठी तो मोबाईल. स्टेजच्या बाजूच्या फळ्यावर खडूनं आपला नंबर लिहायचे, एकेक आकडा हाताएवढा. कार्यक्रम चालू असताना ज्याला जे म्हणायचं ते त्या नंबरवर पाठवायचं. हॉलमध्ये बसलेल्यानं पाठवायचं. दुसरा मोबाईल काठीला लावून लाईव्ह चालू असायचं, ते घरी बसून, गावाकडं बसून बघणाऱ्यानं बी पाठवायचं. मेसेज आला की भाऊ पंच वाजवायचे, टिक-टिक. गाणं संपलं की वाचायचे.

आन सगळे वाचायचे. त्यांचा वेडेपणा म्हणा, काय म्हणा, तो हाच. एक मेसेज सोडायचे नाहीत. "भाषण आवरा, भूक लागली" वाचला. "कंडक्टर लई बोअर करतो" हा बी वाचला, ज्या आवाजात बाकीचे वाचले त्याच आवाजात. लोक म्हणायचे, "अहो, चांगले चांगले निवडा ना." तर म्हणायचे, "चढलेला माणूस पॅसेंजर. त्याचं तोंड आवडलं नाही म्हणून मध्येच उतरवता येत नाही."

आन ज्यानं पाठवला त्यानं उभं राहायचं. नाव लपवून पाठवायचं नाही. त्यामुळं शिव्या कधी आल्या नाहीत. शिवी देऊन उभं कोण राहणार?

एकदा एक पुढारी आले. त्यांचा माणूस स्टेजवर चढून भाऊंच्या कानाला लागला, "साहेबांच्या वाढदिवसाचे मेसेज आलेत, ते आधी घ्या." भाऊ माईकवरच बोलले, "साहेब, पुढच्या दारानं चढता येत नाही. मागून या. रांगेत अकरा जण आहेत." हॉल हसला. साहेब बी हसले. पण पुढं तीन महिने भाऊंना हॉलची किल्ली मिळाली नाही. तर ह्या बाबानं हॉलच्या पायऱ्यांवर कार्यक्रम केला. फळा भिंतीला टेकवला आन नंबर लिहिला.

घंटीचं सांगायचं राहिलं. बसमध्ये कशी, एक घंटी दिली की गाडी थांबते, कुणाला तरी उतरायचं असतं. दोन दिल्या की निघते. भाऊंनी स्टेजच्या खांबाला ही घंटी बांधली होती. टण टण केलं की कार्यक्रम सुरू. एक घंटी मात्र कधी द्यायचे नाहीत. कार्यक्रम संपला की नुसतं म्हणायचे, "शेवटचा स्टॉप. सामान बघून घ्या."

मला लिहिता येत नाही म्हणून मी कधी मेसेज पाठवला नाही, तर एक दिवस म्हणाले, "आक्का, बोलता येतं ना? मंग बोलून पाठवा." माझ्या मोबाईलवर कुठं दाबायचं ते दाखवलं. "दाबून धरा. बोलून होईस्तोवर सोडायचं नाही. सोडलं की गेलं." मी बोलले, मला वाटलं असंच शिकवताहेत. आन त्या संध्याकाळी गाण्याची पार्टी रंगात आली असताना टिक-टिक झालं आन माईकवर माझाच आवाज आला, "हॉलच्या बायकांच्या संडासाला कडी नाही. दोन वर्षं झाली. बायका एकमेकींना दारात उभं करतात."

भाऊ म्हणाले, "पाठवणाऱ्यानं उभं राहावं."

मी झाडू घेऊन मागं उभीच होते. म्हणलं, "मी उभीच आहे हो भाऊ, मला बसायला कुठं मिळतं?"

हशा झाला. पण आठ दिवसात कडी लागली. लोखंडी, चांगली. माझं बोलणं एवढ्या लोकांनी ऐकलं असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

आता माझं सांगते. ते सांगितल्याशिवाय भाऊ कळायचे नाहीत.

माझी लेक कविता तीन वर्षांची होती तेव्हा माझा नवरा निघून गेला. दुसरी बाई होती. भांडण नाही, मारहाण नाही. दुपारी मी तबेल्यावर, आन हा आपले दोन शर्ट घेऊन गेला. मी दोन महिने वाट बघितली. त्या दोन महिन्यात कळलं मला. नवऱ्यानं सोडलेली म्हणलं की कुणी बी दार वाजवतो. झोपडीचा मालक वाजवतो, मुकादम वाजवतो, त्याचेच दोस्त चौकशीला म्हणून येतात आन बसून राहतात. मी पोरगी घेऊन गावाकडं गेले, परभणीकडं. महिन्यानं परत आले तेव्हा हातात बांगड्या नव्हत्या, कपाळ मोकळं. सांगितलं, गावाकडं पान लागून गेला. साप चावला. बाया गळ्यात पडून रडल्या. मी बी रडले, ते रडू खरं होतं. त्या दिवसापासून दार वाजायचं बंद झालं.

मेलेल्या माणसाचा फोटो मोठा करून भिंतीला लावावा लागतो, तो लावला. कविता त्यापुढं रोज मेणबत्ती लावायची. विचारायची, "बाबा कसे होते?" पोरीला बाप द्यायचा तर चांगलाच द्यावा, म्हणून मी सांगत गेले. दारू पीत नव्हता. तुला खांद्यावर बसवून आरेतल्या म्हशी दाखवायचा. खालच्या नळावरून दोन-दोन हंडे घेऊन डोंगर चढायचा. हंडा त्यानं कधी उचलला नाही हो. ते हंडे माझे होते. कविता मोठी झाली, लग्न होऊन मुलुंडला गेली. जाताना फोटोच्या पाया पडली. मी बघत उभी राहिले.

तर वस्तीचा वाढदिवस होता. भाऊंनी ठरवलं, भाषणं नकोत. ज्यांनी डोंगर चढून पाणी आणलं आन ही वस्ती उभी केली, त्यातले जे आता नाहीत, त्यांचे फोटो पाठवा. फोटो पांढऱ्या पडद्यावर लावायचा, घरच्यांनी उठून दोन शब्द बोलायचे. लोकांनी हे असं उचलून धरलं म्हणता! रविवारची दुपार, हॉल भरून बाया दारापर्यंत. लाईव्हची लिंक नात्यागोत्यात कुठं कुठं फिरली. पडद्यावर एकेक म्हातारा येत होता, एकेक म्हातारी. कुणाच्या फोटोत रेशनकार्डावरचं एवढंसं तोंड. लोक बोलत होते, रडत होते. गावाकडून मेसेज येत होते, "ह्या बाईनं मला बाळंतपणात पेज दिली होती." भाऊ वाचत होते. मी मागं पाण्याच्या पिंपापाशी होते.

आन पडद्यावर तो आला.

कवितानं पाठवला होता. मला सांगितलं नव्हतं. मला आनंद व्हावा म्हणून ती गुपचूप मुलुंडहून आली होती. दाराएवढं तोंड झालं होतं त्याचं. एवढा मोठा मी त्याला कधी बघितला नव्हता.

कविता उठली. माईक घेतला. "हे माझे बाबा. मी तीन वर्षांची असताना वारले. खालच्या नळावरून दोन-दोन हंडे घेऊन चढायचे, असं आई सांगते. मला त्यांचा आवाज आठवत नाही. पण आई इतकं सांगते, की मला वाटतं मी ऐकला आहे." असं म्हणून हसली, डोळे पुसत.

टिक-टिक.

भाऊंनी मोबाईल वर घेतला. "मेसेज आहे," म्हणाले. वाचायला तोंड उघडलं आन मिटलं. परत बघितलं. कविताकडं बघितलं. मंग सगळ्या हॉलवरून त्यांची नजर मागं पिंपापर्यंत आली, माझ्यावर. मला तेव्हा काही माहीत नव्हतं.

त्यांनी मोबाईल पिशवीत ठेवला आन दोरी ओढली. एकदाच.

टण.

"नेटवर्क गेलं," म्हणाले. "गाडी बंद. ज्यांचे फोटो राहिले त्यांची माफी मागतो."

लोक म्हणाले, "अहो, आमचं तर चालू आहे नेटवर्क!" कुणी म्हणलं, म्हाताऱ्याला चक्कर आली असंल. भाऊंनी काठीवरचा मोबाईल काढला. फळ्यावरचा नंबर हातानं पुसला आन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉल झाडायला गेले तर भाऊ पायरीपाशी उभे. मला म्हणाले, "जयभीम आक्का. झाडू ठेवा. तुम्ही बसा, मी उभा आहे." मंग कालचा मेसेज वाचला, एका पोरीचा.

"नमस्कार. आत्ता जो फोटो लावला तो माझ्या बाबांचा आहे. ते वारलेले नाहीत. मनोरीला आमच्यात राहतात. आता जेट्टीवर गेलेत, संध्याकाळी येतील. ज्या ताई बोलल्या त्या कोण आहेत?"

मी म्हणलं, "परत वाचा."

परत वाचला. तिसऱ्यांदा बी वाचायला लावला.

मंग मी म्हणलं, "मासे आणायला गेला असंल. त्याला मासे लई आवडायचे."

मी विचारलं, "मनोरी म्हणजे कुठं आलं हो?"

"मालाडवरून मार्वे. मार्वेहून होडी. होडीत बसलं की लगेच पोचतं." मंग खाली बघून म्हणाले, "मार्वेची गाडी मी नऊ वर्षं केली आक्का. त्याचं तिकीट बी मीच फाडलं असंल."

मी समजत होते नागपूरकडं गेला, हैदराबादला गेला. आन हा एका होडीच्या अंतरावर.

मी त्यांना सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणलं, "भाऊ, तो मेसेज पुसून टाका."

"पुसणार नाही."

"अहो, माझ्या पोरीचं तोंड बघा जरा."

"बघितलं. बघितलं म्हणून तर एक घंटी दिली." पंच हातात उघड-मीट करत होते. "आक्का, नोकरीत असताना एकदा मी न बघता दोन घंट्या दिल्या. गर्दी होती, उशीर झालेला. एका बाईचा एक पाय पायरीवर होता, एक खाली. हातात बोचकं. गाडी निघाली." पुढचं त्यांनी सांगितलं नाही. "तेव्हापासून दोन घंट्या द्यायच्या आधी मी पाय बघतो. काल तुमची पोरगी माईक धरून हसत होती. तिचा पाय अजून खाली होता."

"मंग पुसा ना."

"पुसलं म्हणजे त्या मनोरीच्या पोरीला चालत्या गाडीतून ढकललं. तिनं काय केलं आहे? तिनं विचारलं, कोण आहेत. मी तिला लिहिलं आहे, मेसेज मिळाला, उत्तर येईल. एवढंच लिहिलं."

"कोण देणार उत्तर?"

"ते मला काय माहीत? मी कंडक्टर. एक घंटी मी दिली आहे. गाडी उभी आहे. दोन घंट्या तुम्ही द्यायच्या."

"आन नाही दिल्या तर?"

"तर उभी राहील. माझं काय, रिटायर माणूस."

मला त्यांचा राग आला. खरं सांगते. म्हणलं, हा कोण मला अडकवणारा? मी काय ह्याच्या गाडीत चढले होते? झाडू उचलला आन त्यांच्या पायापासून झाडायला लागले, धूळ उडवत. ते बाजूला सरकले नाहीत.

पण ते जे बोलले ते त्यांनी पाळलं. त्या दिवसापासून कार्यक्रम बंद. पोरं बोलवायला आली, बाया आल्या. "एक मेसेज वाचायचा राहिला आहे," एवढंच सांगायचे. "तो झाल्याशिवाय पुढचा घेता येत नाही." कुणाचा, काय, कुणाला सांगितलं नाही. वस्तीनं हजार कारणं लावली. कुणी म्हणलं, पुढाऱ्यानं दम दिला. कुणी म्हणलं, डोकं फिरलं. कुणी म्हणलं, भाव खातो आहे.

जयंतीला दुसरा निवेदक आणला. जाकीट घातलेला. "टाळ्या! आवाज येत नाही!" त्यानं बी पडद्यावर नंबर लावला. लोकांनी पाठवले मेसेज, सवय लागली होती ना. त्यानं पुढाऱ्यांचे चार वाचले आन म्हणला, "वेळेअभावी बाकीचे घेता येत नाहीत." लोक मोबाईल हातात धरून बसले होते. मंग एकेक करून खिशात ठेवले. मी मागून बघत होते. भाऊ बाहेर उभे होते, भिंतीला टेकून. आत आले नाहीत.

असे सहा महिने गेले. ते रोज सकाळी हॉलपाशी यायचे. मला विचारायचे, "आक्का, चहा?" बाकी एक शब्द नाही. मनोरीचं नाव काढलं नाही. त्यांनी टोचलं असतं तर मी कधीच सांगितलं नसतं. मी तशीच आहे.

मंग त्यांचा आवाज बसायला लागला. आधी मला वाटलं सर्दी. महिना झाला, दोन झाले. एक दिवस चहा घेताना म्हणाले, "घशात गाठ आहे. ऑपरेशन करायचं म्हणतात. त्यानंतर बोलता येणार नाही."

"कधी?"

"पौर्णिमा झाली की."

मी कप विसळायला गेले आन नळाखाली कप धरून तशीच उभी राहिले. ज्या माणसाचं माईकशिवाय काही नव्हतं, तो माझ्या एका खोट्यासाठी गप्प बसला होता. आता गप्पच होणार होता.

त्याच दिवशी बस धरून मुलुंडला गेले. कविता भाजी निवडत होती. मी दारातच सांगितलं. आत जाऊन बसले असते तर जमलं नसतं.

ती आधी हसली. मंग भाजी ठेवली.

"जिवंत आहे?"

"हो."

"आई, मी रोज मेणबत्ती लावली गं."

"हो."

"लग्नात मी त्या फोटोच्या पाया पडले. तू तिथंच उभी होतीस."

"होते."

"ते हंडे?"

"माझे होते."

त्यावर ती जास्त बिथरली. "मंग तसं का नाही सांगितलंस? माझी आई हंडे घेऊन चढायची, असं मी सांगितलं नसतं का सगळ्यांना?" तिनं भाजी परत पुढं ओढली. ती म्हणाली, "तू जा आता. मला तुझं तोंड बघायचं नाही." मी आले. फोन केला तर उचलायची नाही. पौर्णिमेच्या आधी शेजारच्या पोरीकडून निरोप लिहून पाठवला, हॉलमध्ये वाचणार आहेत, ये. उत्तर आलं, "मी येणार नाही."

पौर्णिमेला दुपारी हॉलमध्ये वंदना झाली, खीर झाली. लोक बसलेले. भाऊ भिंतीपाशी उभे, गळ्यात मफलर. मी झाडू ठेवला आन स्टेजवर चढले. इतकी वर्षं स्टेज झाडलं होतं, लोक बसलेले असताना कधी चढले नव्हते. खांबाची दोरी धरली. दोनदा ओढली.

टण टण.

सगळे वळून बघायला लागले. "आजी, काय करताय?" कुणी म्हणलं. भाऊ भिंतीपासून निघाले. चालत स्टेजवर आले, पाय फाकवून उभे राहिले, खडू घेतला आन फळ्यावर नंबर लिहिला. हाताएवढे आकडे. मोबाईल काठीला लावला. मंग माईक घेतला. आवाज म्हणजे कागद चोळल्यासारखा.

"एक मेसेज राहिला होता. मनोरीहून."

वाचला. शब्द न शब्द. जेट्टी, संध्याकाळी येतील, सगळं. "ज्या ताई बोलल्या त्या कोण आहेत," इथं थांबले. "पाठवणारी हॉलमध्ये नाही. ती ऐकत असंल. तिला उत्तर द्यायचं आहे."

मी उभीच होते. त्यांनी माईक माझ्यापुढं धरला.

मी म्हणलं, "बाळा, ती माझी लेक आहे. तुझ्या बापाची पहिली पोरगी. तो मेला असं मी सांगितलं, ते खोटं. तो सोडून गेला होता. मी एकटी होते, लोक दार वाजवायचे, म्हणून त्याला मारला. माझ्या पोरीला यातलं काही माहीत नव्हतं. पाण्याचे हंडे मी आणले. तो माणूस तुझा आहे, तुझ्यापाशी राहू दे. मला काही नको."

एवढंच. हॉलमध्ये पंख्यांचा आवाज येत होता. ज्या बाया तेव्हा माझ्या गळ्यात पडून रडल्या होत्या, त्यातल्या दोघी पुढंच बसल्या होत्या. एकीनं तोंडाला पदर लावला. दुसरी माझ्याकडं टक लावून बघत राहिली. भाऊ मोबाईल हातात धरून उभे. मला वाटलं, झालं, आता कुणी ह्या वस्तीत माझ्याकडून घोटभर पाणी घेणार नाही. खाली कसं उतरायचं ते कळंना.

टिक-टिक.

भाऊंनी मोबाईल डोळ्यापाशी नेला. मंग वाचला, त्याच आवाजात, जसे बाकीचे वाचायचे तसा.

"आई, बस आता. पाय सुजतील."

हॉलमधली सगळी डोकी इकडं तिकडं फिरायला लागली.

"पाठवणाऱ्यानं उभं राहावं," भाऊ म्हणाले.

कुणी बसलेलं उठलं नाही. मागच्या दारात, चपलांच्या ढिगाजवळ, कविता उभी होती. कधी आली होती कुणास ठाऊक. खांद्याला पिशवी तशीच. मोबाईल हातात, आन माझ्याकडं बघत नव्हती, फळ्याकडं बघत होती. पण उभी होती.

मी स्टेजच्या कडेला बसले.

भाऊंनी दाराकडं बघितलं. कविताचे पाय बघितले, दोन्ही उंबऱ्याच्या आत होते. मंग माझ्याकडं बघितलं, मी बसले आहे का ते. आन मंग दोरीला हात घातला.